रुपयाची घसरण आणि फवारणीचा हिशेब

डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला की खनिज तेल, सोने आणि शेअर बाजार यांची चर्चा सुरू होते. शेतीचा उल्लेख झालाच, तर ‘निर्यातदारांना लाभ’ एवढ्या एका वाक्यापुरता. पीक संरक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मात्र या घसरणीकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. आपल्या शिफारशींचा पाया असलेली ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ मुळात किमतींवर उभी आहे. आणि किमती बदलल्या तरी आपल्या पुस्तिकांतील आकडे वर्षानुवर्षे तेच राहतात.

सरकारने एका निर्णयाने चलनाचा दर खाली आणणे, म्हणजेच अवमूल्यन, आपण जून १९६६ मध्ये पाहिले. तेव्हा डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला. आज हा दर मुख्यतः बाजारात ठरतो आणि तीव्र चढउतार आवरण्यापुरती रिझर्व्ह बँक हस्तक्षेप करते. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांवर गेला, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने ८३ रुपयांची पातळी ओलांडली. अशा संथ घसरणीचा धक्का एका दिवसात जाणवत नाही. ती हंगामागून हंगाम उत्पादन खर्चात मुरत जाते.

कीटकनाशकांचे अनेक तांत्रिक घटक आणि त्यांसाठी लागणारा रासायनिक कच्चा माल परदेशातून, प्रामुख्याने चीनमधून येतो. हा व्यवहार बहुतांशी डॉलरमध्ये होतो. मिश्रण, बाटलीबंदी, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन हा खर्च मात्र रुपयांतला असतो. म्हणून रुपया दहा टक्क्यांनी घसरला म्हणजे औषध दहा टक्क्यांनीच महागेल असे नाही. शिवाय जुना साठा संपेपर्यंत वाढ दिसत नाही.

खतांच्या बाबतीत परिणाम अधिक आडवळणाचा आहे. पालाशासाठी आपण जवळजवळ सर्वस्वी आयातीवर अवलंबून आहोत. २०१० मध्ये पोषणद्रव्याधारित अनुदान योजना आली, तेव्हा युरिया तिच्याबाहेर ठेवला गेला. त्यामुळे चलन घसरले तरी युरियाच्या गोणीची किंमत स्थिर राहते आणि वाढीव भार शासनाच्या तिजोरीवर पडतो. पालाशाची महागाई मात्र शेतकऱ्यापर्यंत पोहोचू शकते. स्वाभाविकच नत्राचा हात सैल सुटतो आणि पालाश आखडते घेतले जाते. नत्राच्या अतिरेकाने लुसलुशीत झालेल्या पिकावर मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडी वाढतात, हे कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. चलनाचा दर किडीच्या संख्येपर्यंत असा पोहोचतो.

आता मूळ मुद्दा. स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात ही संकल्पना मांडली. तिच्या रूढ सूत्रात नियंत्रणाचा खर्च, शेतमालाचा भाव, किडीमुळे होणारी उत्पादनातील घट आणि उपायाची परिणामकारकता हे घटक येतात. पहिले दोन घटक रुपयाच्या दराने हलतात. समजा, एकरी फवारणीचा खर्च १,००० रुपये आहे; त्यात औषध ६०० आणि मजुरी ४०० रुपये. शेतमालाचा भाव क्विंटलला ६,००० रुपये असेल, तर फवारणीने एकरी सुमारे १७ किलो उत्पादन वाचले तरच खर्च भरून निघतो. औषध २० टक्क्यांनी महागले, तर खर्च १,१२० रुपये होतो आणि वाचवायचे उत्पादन जवळपास १९ किलोवर जाते. म्हणजे पूर्वी जेवढ्या किडीवर फवारणी परवडत होती, तेवढ्या किडीवर आता ती परवडत नाही. भावही त्याच प्रमाणात वाढला, तर पातळी पुन्हा मूळ जागी येते.

हा भाव वाढतो का, हे पिकावर अवलंबून आहे. कापूस किंवा सोयाबीन यांचे दर जागतिक बाजाराशी निगडित असल्याने रुपया घसरल्यास त्यांना आधार मिळू शकतो. वांगी, टोमॅटो यांचा भाव बव्हंशी देशातली आवक ठरवते. तेथे खर्च वाढतो, भाव वाढेलच असे नाही. निर्यातीच्या पिकालाही लाभाची हमी नसते. डिसेंबर २०२३ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, पण कांद्याच्या निर्यातीवर बंदी आल्याने उत्पादकाला त्याचा उपयोग झाला नाही. म्हणून ‘रुपया घसरला की शेतकऱ्याचे भले होते’ हे विधान सरसकट स्वीकारता येत नाही.

औषध महागल्यावर मार्गदर्शनाअभावी शेतकरी जे करतो, ते अधिक चिंताजनक आहे. मात्रा कमी केली जाते, बिलाविना मिळणारे स्वस्त उत्पादन घेतले जाते किंवा उरलेली औषधे एकत्र मिसळली जातात. यातून नियंत्रण अपुरे राहते आणि पुन्हा फवारणीची वेळ येते. शिफारशीची मात्रा कायम ठेवून अनावश्यक फवारण्या टाळणे, हाच काटकसरीचा शास्त्रशुद्ध मार्ग आहे.

यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक हंगामाच्या आरंभी आपल्या तालुक्यातील औषधाची किंमत, मजुरी आणि अपेक्षित भाव घेऊन वरील हिशेब नव्याने मांडावा. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी एकच आकडा छापण्याऐवजी खर्च आणि भाव यांनुसार बदलणारा तक्ता द्यावा. यात एक पथ्य आवश्यक आहे. विषाणूजन्य रोग पसरवणाऱ्या किडी आणि बोंडाच्या आत दडणारी गुलाबी बोंडअळी यांच्याबाबत केवळ औषध महागले म्हणून थांबणे धोक्याचे ठरेल. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग किंवा दहा टक्के प्रादुर्भावग्रस्त फुले वा बोंडे, हा निकष तेथे पाळलाच पाहिजे.

निंबोळी अर्क, ट्रायकोकार्ड, पक्षिथांबे आणि मित्रकीटकांचे संवर्धन यांचा पुरस्कार आपण आजवर पर्यावरणाच्या नावाने केला. आता त्यांच्या बाजूने आर्थिक युक्तिवादही उभा आहे: गावात गोळा केलेल्या निंबोळ्यांचा दर डॉलरवर ठरत नाही. रुपयाचा दर आपल्या हाती नाही. आयातीवर अवलंबून असलेल्या फवारण्यांची संख्या मात्र पुष्कळशी आपल्या हाती आहे.