विश्वामित्रीचे पाणी आणि उमेदवारांची वाणी

बडोद्याच्या महानगरपालिकेसाठी मते मागणाऱ्या कोणत्याही उमेदवारास यापुढे विश्वामित्रीचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात या नदीने धोक्याची २५ फुटांची खूण केव्हाच मागे टाकली आणि ती ३५ फुटांच्याही वर चढली. समा, फत्तेगंज, अकोटा, वडसर अशा वसाहतींत पाणी शिरले. लष्कराच्या तुकड्या पाचारण कराव्या लागल्या. घराच्या छपरावर पहुडलेल्या मगरीची छायाचित्रे देशभर झळकली व त्यांचे कौतुकही झाले. ज्यांच्या घरातील धान्याचा, गाद्यांचा आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा चिखल झाला, त्यांना त्यात कौतुक वाटण्याजोगे काही नव्हते. पाणी ओसरल्यावर पाहणीस आलेल्या लोकप्रतिनिधींना काही वसाहतींत नागरिकांनी खडे बोल सुनावून परत पाठवले. मतदाराने मतदानाची वाट न पाहता दिलेला तो कौल होता.

हा पूर अकस्मात कोसळलेला नव्हता. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही हेच घडले होते. दोन पुरांच्या मधल्या काळात फेब्रुवारी २०२१ मध्ये निवडणूक झाली; ७६ पैकी ६९ जागा भारतीय जनता पक्षाला व ७ काँग्रेसला मिळाल्या. त्यानंतर तीनच महिन्यांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने विश्वामित्रीच्या पूररेषेची आखणी करावी, पात्रातील व काठावरील अतिक्रमणे हटवावीत आणि नदीचा कृती आराखडा अमलात आणावा, असा आदेश दिला. म्हणजे नव्या सभागृहाच्या हाती कारकिर्दीच्या प्रारंभीच नदीविषयीचा कार्यक्रम लिहून देण्यात आला होता. २०२४ चा पूर येईपर्यंत तीन पावसाळे गेले. या तीन वर्षांचा हिशेब सत्ताधारी उमेदवारांनी द्यावा हे उघडच आहे. पण विरोधकांनी तो किती वेळा मागितला, हेही विचारले पाहिजे.

उमेदवारांच्या भाषणांतील आश्वासने आता ठरीव साच्याची झाली आहेत. गटारे साफ करू, हे पहिले. ते चांगलेच आहे आणि त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. एवढेच की भुखी कांसासारखे जे नैसर्गिक नाले पूर्वी पावसाचे पाणी नदीपर्यंत नेत असत, त्यांची वाट आपणच अडवून ठेवल्यावर गटार कितीही स्वच्छ असले तरी त्यातील पाण्याने जावे कोठे?

नदीकाठ सुशोभित करू, हे दुसरे आश्वासन. अहमदाबादेत साबरमतीचे काठ बांधले गेल्यापासून गुजरातच्या प्रत्येक शहराला तसा काठ हवासा वाटतो. परंतु विश्वामित्री ही साबरमती नव्हे. ती नागमोडी वळणांची, घळींची, काठावर झाडोरा असलेली नदी आहे आणि तिच्यात चारशेहून अधिक मगरी राहतात. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असल्याने वनखात्याला विचारल्याशिवाय पात्रात फावडेही मारता येत नाही. याच कारणांनी जुनी नदीकाठ योजना २०१६ मध्ये न्यायाधिकरणापुढे अडली. ज्या घळींत पुराचे पाणी क्षणभर विसावते त्या भरून काढून फिरण्यासाठी फरसबंदी करणे, हा विकास म्हणावा की पुराला दिलेले आमंत्रण, याचे उत्तर उमेदवाराने स्पष्ट द्यावे.

तिसरे आश्वासन मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे. ‘महापालिकेत, गांधीनगरात आणि दिल्लीत एकाच पक्षाची सत्ता असेल तर कामे झटपट होतात’ असे सांगितले जाते. २०२४ च्या ऑगस्टात ही स्थिती होतीच. तिन्ही ठिकाणी एकच पक्ष होता आणि तरीही पाणी ३५ फुटांवर गेले. पैसा मिळण्यास ही एकजूट उपयोगी पडते, हे आम्ही नाकारीत नाही. पुरानंतर राज्य सरकारने विश्वामित्रीसाठी १,२०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, बी. एन. नवलावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र खोल व रुंद करण्याचे काम झपाट्याने उरकण्यात आले. परंतु पक्षाचे ऐक्य म्हणजे शासनसंस्थांचे सहकार्य नव्हे. किंबहुना सर्वत्र आपलेच लोक असले की कोणी कोणाला लेखी जाब विचारीत नाही, दूरध्वनीवर भागते. आणि संकट कोसळल्यावर कोणत्या घटकेला कोणी कोणाला काय कळवले होते, याचा पत्ता लागत नाही.

नदीचा मार्गच पाहा. ती पावागडच्या डोंगरात, पंचमहाल जिल्ह्यात उगम पावते. आजवा व प्रतापपुरा तलावांचे पाणी घेऊन शहरात शिरते. कमाटीबागेला वळसा घालून दक्षिणेस उतरते. करजण तालुक्यात पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळते आणि ढाढर भरूच जिल्ह्यातून खंबातच्या आखातास जाते. तीन जिल्हे, जलसंपत्ती खाते, वनखाते, रेल्वे व महामार्ग यांचे पूल, नगरविकास प्राधिकरण, आणि यांच्या मधोमध महानगरपालिका. ढाढर तुंबली की विश्वामित्रीचे पाणी पुढे सरकत नाही. प्रभागातला उमेदवार उंबरठ्यावरच्या पाण्याविषयी बोलतो, पण ते पाणी पावागडावर पडलेले असते आणि आखाताकडे जाण्याची वाट शोधत असते.

बडोद्यातील आमचे मराठी वाचक येथे म्हणतील की महाराजांच्या काळी असे नव्हते. दांडिया बाजारात हे वाक्य आजही आदराने उच्चारले जाते आणि सयाजीराव महाराजांविषयीच्या आदरात आम्हीही मागे नाही. शहराला पाणी देणारा आजव्याचा तलाव त्यांनीच बांधला. पण त्या काळीही पावागड इंग्रजांच्या पंचमहालात होते आणि ढाढरचे खालचे खोरे त्यांच्याच भरूच जिल्ह्यात. जुलै १९२७ च्या महापुरातून बडोदेही सुटले नव्हते. नदी कधीही एका राजाच्या ताब्यात नव्हती. फरक इतकाच की तेव्हा दोन सरकारांना एकमेकांना कागदावर लिहावे लागे.

आजव्याचा उल्लेख आलाच आहे तर त्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण सबबींचा मोठा भाग येथेच संपतो. हा तलाव राज्याच्या जलसंपत्ती खात्याचा नाही, महानगरपालिकेचा आहे. त्याला ६२ दरवाजे आहेत. शहराच्या पूर्व भागास पिण्याचे पाणी येथूनच जाते. पाणीपुरवठा पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पावसाळा संपताना तलाव तुडुंब हवा असतो. पुराची धास्ती घेतलेल्या नागरिकाला तोच तलाव ऑगस्टात रिकामा हवा असतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच कोणत्या तारखेला पातळी किती ठेवायची, हवामान खात्याचा इशारा आल्यावर किती तास आधी पाणी सोडायचे आणि ती आज्ञा कोणी द्यायची, याचा नियम उघडपणे ठरवून दर पावसाळ्यापूर्वी सभागृहासमोर ठेवला गेला पाहिजे. यासाठी गांधीनगरची परवानगी लागत नाही. महीचे व नर्मदेचे पाणी शहराला मिळू लागल्यावर आजवा किती भरून ठेवावा, हा प्रश्न तरी कोणत्या उमेदवाराने जाहीर सभेत मांडला आहे?

नगरसेवकाचे हात बांधलेले आहेत, ही तक्रार निराधार नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, तरी मुंबई राज्याच्या काळातील १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदाच गुजरातेत चालतो. कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात व आयुक्त राज्य सरकार धाडते. महापौराची मुदत अडीच वर्षांची. नगररचना योजनांना अंतिम मान्यता राज्याची. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल आदी सात गावे शहरात आली, तेव्हा तेथील तळी व नाले यांचे काय करायचे, हा निर्णय एकट्या महानगरपालिकेचा नव्हता. हे सारे मान्य केले तरी सभागृहाला ठराव करता येतो, अंदाजपत्रक अडवता येते आणि पूररेषेतील बांधकामास परवानगी कोणी दिली हे विचारता येते. शेवटचे हे काम फारसे होत नाही, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा सभागृहाच्या फार जवळ सापडते.

कोकणातील वाचकांना हे सारे परके वाटू नये. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले, तेव्हा कोळकेवाडी धरणातून पाणी केव्हा व किती सोडले यावरून वाद झाला. ते धरण कोयना प्रकल्पाचे. चिपळूण नगरपरिषदेचा त्याच्या एकाही दरवाज्यावर अधिकार नाही. तिळारीचे पाणी तर दोडामार्गातून पेडण्यात, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्यात उतरते. याउलट सुरतेकडे पाहा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने ते शहर बुडाले. त्यानंतर धरण चालवणारे खाते, हवामान खाते व महानगरपालिका यांना जोडणारी पूर्वसूचनेची व्यवस्था तेथे उभारली गेली. ज्या राज्यात सुरत आहे त्याच राज्यात बडोदे आहे, तेव्हा नमुना शोधायला परदेशी शिष्टमंडळ धाडण्याची जरुरी नाही.

२०२५ मध्ये रुंद केलेले पात्र शहराला काही प्रमाणात दिलासा देईल, अशी आशा करू या. पण शहरातून लवकर निघालेले पाणी खाली लवकर पोचते. पिंगळवाड्याच्या व आमोद-जंबुसरच्या बाजूच्या ग्रामपंचायतींना ते आता किती तासांत गाठेल, याचे गणित त्यांना कोणी दिले आहे काय? तेथील शेतकऱ्याला बडोद्याच्या निवडणुकीत मत नाही. हा प्रश्न बडोद्यातल्याच मतदाराने आपल्या प्रभागातील सभेत उभे राहून विचारायला हवा.