विसराळूपणाची रक्तचाचणी: आधी बी-१२, मग पी-टाऊ

‘वय झालं, विसरणारच!’ पनवेलमधल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचा विषय इथेच संपतो. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला.

आता अल्झायमरचा माग रक्तातूनही लागतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अशा पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली. मेंदूत अमायलॉइड साचू लागले की रक्तात पी-टाऊ २१७ हे प्रथिन वाढते. चाचणी या दोन्हींचे गुणोत्तर मोजते. त्यामुळे महागडे पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातून पाणी काढणे अनेकांना टळू शकते.

पण ही मंजुरी ५५ वर्षांवरील, विसरण्याचा त्रास आधीच सुरू झालेल्यांसाठी आहे. स्मृतिभ्रंश नेमका कधी येईल, हे ती सांगत नाही. धडधाकट माणसाने ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ती करणे म्हणजे विकतचे दुखणे. मूत्रपिंडाच्या आजारातही पी-टाऊ वाढलेले दिसते.

शिवाय बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस विसरतो. आणि त्यावर उपचार आहेत. बी-१२, थायरॉइडची तपासणी पनवेलमध्येच होते. मुंबईच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी ती उरकावी आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी.