विटाळ आत्म्याला नव्हता

दोस्तांनो, 'आत्मा सगळ्यांचा एकच' हे कीर्तन आमच्या बापजाद्यांनी लांब बसून पुष्कळ ऐकलं. आत्म्याचा विटाळ कुणी मानलाच नव्हता! विटाळ होता आमच्या हाताचा, सावलीचा, थुंकीचा. म्हणून २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब नुसतं भाषण करून थांबले नाहीत. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्याले.

तेच अंग आज गटारात उतरवलं जातंय. मैला वाहण्याविरुद्ध १९९३ ला कायदा आला. साधनांशिवाय गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं. तरी माणसं गुदमरून मरतातच. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. द्यायलाच पाहिजे. पण मेल्यावर ३० लाखांचं ठरणारं अंग जिवंतपणी एका मुखवट्याच्याही लायकीचं नव्हतं?

आत्म्याचा मान तुमचा तुम्हाला लखलाभ. आम्हाला हाडामांसाचा हवा. गटारात यंत्र उतरवा. माणूस उतरवणाऱ्या ठेकेदारासोबत ठेका देणाऱ्या साहेबालाही तुरुंगात घाला.

आणि वस्तीतल्या पोरांनो, कुणी झाकण उघडून 'उतर' म्हणाला, तर ते झाकण परत लावा आणि सगळे मिळून त्यावर उभे राहा.

जयभीम!