व्हिसा ही भीक नव्हे!

मुलगा न्यू जर्सीत, मुलगी फ्रँकफुर्टला आणि आईवडील मुलुंडला किंवा बोरिवलीला, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी जायचे ठरते आणि आयुष्यभर ताठ मानेने जगलेले, प्राप्तिकर चोख भरणारे निवृत्त गृहस्थ एकाएकी याचक होतात. शेजारी सांगतो, खात्यात तात्पुरते पैसे दाखवा. एजंट बजावतो, बाळंतपणाचे नाव काढू नका, फिरायला जातो म्हणा. कोणी हैदराबादजवळच्या चिलकूरच्या बालाजीला नवस बोलायला सुचवतो. मूळ नियम वाचा, असे मात्र कोणीच सांगत नाही!

काय आहे हा नियम? अमेरिकेच्या कायद्यातील कलम २१४ (बी) पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येत आहे, असे गृहीत धरते. तसे नाही, हे पटवण्याचा भार अर्जदारावर असतो. म्हणजेच वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीच्या खिडकीशी होणारी चौकशी मुख्यतः तुमच्या परतीची असते, श्रीमंतीची नव्हे. इथले घर, निवृत्तिवेतन, इथला गोतावळा, पूर्वी मुदतीत परत आल्याची नोंद ही तिची खरी उत्तरे होत. गेल्या आठवड्यात खात्यात अवतरलेले पाच लाख संशय तेवढा वाढवतात. खोटे विधान उघड झाले, तर त्या देशाची दारे कायमची बंद होऊ शकतात.

युरोपातील शेंगेन देशांचे नियम काटेकोर आहेत आणि म्हणूनच सोपे आहेत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, तेथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी असलेला हवा. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा हवा. ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्याच देशाकडे प्रवासापूर्वी सहा महिने ते १५ दिवस या मुदतीत अर्ज करायचा. अर्ज स्वीकारणारे केंद्र निर्णय घेत नाही; निर्णय वकिलातीचा असतो. मग यात एजंटच्या 'ओळखी'ला जागा उरते कुठे?

परंतु नियम पाळणे म्हणजे मुकाट्याने मान तुकवणे नव्हे. अमेरिकेने २०२३ मध्ये पर्यटक व्हिसाचे शुल्क १६० वरून १८५ डॉलर केले. शेंगेन देशांनी २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो. नकार मिळाला तरी यातला छदामही परत मिळत नाही. शेंगेन देशांच्या नकारावर निदान अपील करता येते. अमेरिकेच्या नकारावर तेही नाही. पुन्हा शुल्क, पुन्हा रांग! याउलट भारताने २०१४ पासून अमेरिकी पर्यटकाला घरबसल्या ई-व्हिसाची सोय दिली. अतिथीचे स्वागत हा आपला संस्कार खरा, पण आतिथ्य एकतर्फी किती काळ चालायचे?

१९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाजावरील ३७६ भारतीयांपैकी बहुतेकांना कॅनडाने व्हँकुव्हर बंदरातून परत पाठवले. त्यांच्या पाठीशी स्वतःचे राज्य नव्हते. आपल्या पाठीशी आहे. त्याच कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा सप्टेंबर २०२३ मध्ये काही काळ थांबवून भारताने हे दाखवूनही दिले. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय संघाने तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरणाऱ्या भारतीयांसाठी दोन वर्षांच्या बहुप्रवेश व्हिसाची तरतूद केली. अशी सवलत प्रामाणिक प्रवाशांच्या नोंदींवरच मागता येते. प्रत्येक बनावट कागद ती मागणी दुबळी करतो.

म्हणून नागरिकांनी आपले काम चोख करावे. वकिलातीचे अधिकृत नियम मुळातून वाचावेत, खरे तेच लिहावे, एजंटने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करू नये. आणि सरकारने आपले काम करावे. नकार झाल्यास शुल्काचा काही भाग परत मिळावा, ज्येष्ठांची मुलाखत ठरावीक मुदतीत व्हावी, यासाठी वाटाघाटींच्या टेबलावर ठामपणे बसावे. नातवाचे तोंड पाहायला निघालेल्या आजीआजोबांच्या वतीने आपल्या खासदाराला हा जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला आहे. तो बजावायला मात्र कोणताही व्हिसा लागत नाही.