पत कोणाची, तारण कोणाचे?

पेरणीच्या घाईत शेजाऱ्याचे बैल आणि माणसे एकाच्या शेतात राबावीत आणि दुसऱ्या दिवशी त्याने शेजाऱ्याच्या शेतात राबावे, या देवघेवीला सावड म्हणतात. तिला कागद नाही, जामीन नाही, व्याज नाही. तरीही ती बुडविण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे. कारण पुढच्या मृगात आपल्या बांधावर कोणी फिरकणार नाही, हे बुडविणाऱ्याला पक्के ठाऊक असे.

माणूस मुळात स्वार्थी आहे, असे भांडवलशाहीचे भाट सांगतात. तो मुळात त्यागी आहे, असे समाजवादी व्यासपीठांवरूनही कधीकधी ऐकू येते. सावड या दोघांनाही खोटे ठरविते. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संगणकावरील दोन स्पर्धांची हकीकत आहे. सहकार्य करावे की दगा द्यावा, एवढाच तो खेळ. पहिल्या स्पर्धेत १४ आणि दुसरीत ६२ डावपेच उतरले. दोन्ही वेळा अनातोल रापोपोर्ट यांचा सर्वांत छोटा डाव जिंकला : आरंभी सहकार्य करावे, पुढे समोरचा जसा वागेल तसे वागावे. खेड्यातल्या कोणाही कुणब्याला हे नवे वाटणार नाही. परंतु या प्रयोगाचा दाखला देणारे त्यातील अट मात्र विसरतात. त्याच दोघांची गाठ पुनःपुन्हा पडणार होती, आणि दोघांच्याही हाती सारखेच पत्ते होते.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यातील फडपद्धती या अटीवरच काही शतके टिकली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली, एका फडात एकच पीक, आणि बहुतेकांची थोडीथोडी जमीन निरनिराळ्या फडांत. पाणी आटले की एखादा फड पडीक ठेवायचा. त्यामुळे टंचाई सर्वांच्या वाट्याला येई. पाणी देण्याचे काम खातेदाराकडे नसे, ते पाटकऱ्याकडे असे. चोरून पाणी घेणाऱ्याचे नाव गावभर होई आणि ते त्याला झोंबे, कारण त्याचेही पीक शेजाऱ्यांच्या मर्जीवर उभे असे.

ज्याला शेजाऱ्याची गरज उरलेली नाही, त्याला मात्र ते झोंबत नाही. सावड ट्रॅक्टरने मोडली असे म्हणतात. वास्तविक ट्रॅक्टर एकाच्याच दारात उभा राहिला, म्हणून ती मोडली. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा हे मर्म त्यांनी अचूक ओळखले होते. पाण्याचा हक्क जमिनीप्रमाणे न देता त्यांनी तो माणशी दिला, भूमिहीनालाही दिला आणि उसाला बंदी केली. प्रथम बरोबरी आणली, मग परस्परविश्वास मागितला.

अर्थात्, गावाच्या नजरेचे गोडवे गाताना तिचा दुसरा उपयोगही विसरता येत नाही. बलुतेदारीला देवघेव म्हणत, पण तिचे माप एकाच बाजूच्या हाती होते. १९२७ साली महाडच्या तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल दलितांवर बहिष्काराचेच हत्यार उगारले गेले. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, यावरून ते हत्यार अद्याप बोथट झालेले नाही हे दिसते.

आज हीच नजर भांडवलाने भाड्याने घेतली आहे. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९८३ साली ग्रामीण बँक स्थापली. पाच-पाच गरीब स्त्रियांच्या गटांवर विश्वास टाकणारी ती कल्पना मुळात उदार होती. नफ्याच्या कंपन्यांनी तिच्यातील यंत्र तेवढे उचलले. गरिबाजवळ तारण नाही, पण अब्रू आहे. तेव्हा तीच तारण ठेवावी. एकीचा हप्ता चुकला की कंपनीचा माणूस आवाज चढवीत नाही. तो इतर बायांना बसवून ठेवतो. आवाज त्याच चढवितात. आंध्र प्रदेशात हे इतके विकोपाला गेले की, कर्जदारांच्या आत्महत्यांनंतर ऑक्टोबर २०१०मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. सावडीत प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखत होता. येथे कंपनी बाईची सात वर्षांची परतफेड जाणते, बाईला कंपनीचा व्याजदरही नीट ठाऊक नसतो. शेजारणीने शेजारणीवर पहारा करावा आणि वसुली तिसऱ्याने न्यावी, याला सहकार म्हणणे हा शब्दाचा अपमान होय.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२च्या निर्देशांनी या कर्जांच्या व्याजावरील मर्यादा उठविली. त्याच निर्देशांत मात्र हप्त्यांचा एकूण बोजा कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नये, थकबाकीदाराचे नाव जाहीर करू नये, त्याच्या नातलगांना वा मित्रांना छळू नये, आणि किमान, कमाल व सरासरी व्याजदराचा फलक प्रत्येक कार्यालयात लावावा, असेही बजावले आहे. मोर्चाची वाट न पाहता कार्यकर्त्यांना आपापल्या तालुक्यातील शाखांत जाऊन हा फलक आहे की नाही, असल्यास तो बायांना वाचता येईल अशा जागी व मराठीत आहे की नाही, हे एका दिवसात पाहता येईल. गटाच्या बैठकीत बायांची हजेरी आणि हप्ते लिहिण्याची वही असतेच. तिच्यात एक पान कंपनीच्या नावाचे असावे : दर किती सांगितला, किती लावला, वसुलीला कोण आला, किती वाजता आला आणि काय बोलला.