सोवळ्यातली शाई

१९८७ साली ह्वांग योंगपिंग या चिनी कलावंताने दोन पुस्तकं वॉशिंग मशीनमध्ये टाकली, दोन मिनिटं फिरवली आणि निघालेला लगदा एका लाकडी खोक्यावर मांडून ठेवला. चिनी शाईचित्रांच्या नव्या अवतारांवर वाद सुरू झाला की हा लगदा हमखास पुढे येतो. परंपरेचे अभिमानी कपाळाला हात लावतात: हजार वर्षांच्या कलेचं यांनी काय केलं पाहा! नवतेचे भोक्ते टाळ्या वाजवतात: बरं झालं, एकदाचं जुनं धुऊन निघालं. दोघांनाही दुसऱ्या पुस्तकाचा विसर पडतो. मशीनमध्ये वांग बोमिन यांचा चिनी चित्रकलेचा इतिहास होता, आणि त्याच्या जोडीला हर्बर्ट रीड यांचा आधुनिक चित्रकलेचा संक्षिप्त इतिहासही होता. जेवढा पूर्वेचा लगदा झाला तेवढाच पश्चिमेचा. तेव्हा ही साक्ष कोणत्याच पक्षाने आपल्या बाजूने काढू नये.

शाईला सोवळं नेसवणाऱ्यांचं म्हणणं आधी ऐकू, कारण त्यात खरोखर दम आहे. पॅरिसला शिकून आलेले चित्रकार वू ग्वानझोंग यांनी १९९२ मध्ये लिहिलं की प्रत्यक्ष चित्रापासून सुटी केलेली कुंचल्याची करामत शून्य किमतीची असते. त्यावर काही वर्षांनी चित्रकार झांग दिंग यांनी बजावलं की कुंचला आणि शाई ही चिनी चित्राची किमान अट आहे. ती सोडली तर चिनी म्हणायला काही उरत नाही. (हे झांग दिंग स्वतः १९५६ मध्ये फ्रान्सला जाऊन पिकासोला भेटून आले होते, ही गंमत त्यांच्या अनुयायांना फारशी आवडत नाही.) त्यांच्या अटीमागे शेकडो वर्षांचं कसब उभं आहे. पाइनच्या लाकडाची किंवा तेलाची काजळी सरसात मळून केलेली कांडी पाणी घालून दगडावर उगाळायची. कागद आन्हुइ प्रांतातला, झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांच्यापासून बनवलेला. तो शाई टेकताक्षणी पिऊन टाकतो. तिथे खोडायची सोय नाही, वरून दुसरा रंग चढवून चूक झाकायची सोय नाही. हात डळमळला तर ती डळमळ कायमची कागदावर राहते. असा हात वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय तयार होत नाही, हे शंभर टक्के मान्य.

पण या कसबाची किमान अट करून ती दारावर टांगायची म्हटलं, तर पूर्वजांनाच दाराबाहेर उभं करावं लागेल. थांग काळातला वांग मो दारू पिऊन चित्रं काढायचा. कुंचला बाजूला ठेवून केसांचा अंबाडाच शाईत बुडवायचा आणि रेशमावर दाबायचा. त्याच काळातले समीक्षक झू जिंगश्वान यांनी चित्रकारांच्या तीन प्रती लावल्या आणि नियमांत न बसणाऱ्यांसाठी चौथी, वेगळी प्रत ठेवली. वांग मोला त्यांनी तिथे बसवलं. अपवादाला मानाचं आसन देण्याची ही सोय परंपरेनेच नवव्या शतकात करून ठेवली आहे. आज तोच वांग मो ओल्या केसांनी बीजिंगच्या एखाद्या दालनात शिरला असता, तर परंपरेच्या रक्षकांनी त्याला पाश्चात्त्यांची नक्कल करणारा म्हणून हाकलला असता.

शुद्धतेचीही तीच गत. विसाव्या शतकातले परंपरेचे मेरुमणी झांग दाच्येन यांनी १९४१ ते १९४३ या काळात दुनह्वांगच्या गुंफांमधली भित्तिचित्रं नकलली, आणि १९५० मध्ये ते तुलनेसाठी थेट आपल्या अजिंठ्याला येऊन राहिले. पुढे ब्राझीलमध्ये असताना, नजर अधू झाल्यावर, त्यांनी शाई आणि निळे-हिरवे रंग कागदावर ओतायला सुरुवात केली. पाहणाऱ्यांना त्यात अमेरिकी अमूर्त चित्रकला दिसली. झांग मात्र त्या ओतण्याचं मूळ थांग काळात असल्याचं सांगत राहिले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे सोवळ्याच्या गणितात बसत नाही.

दुसरा पक्ष मृत्युलेख लिहिणाऱ्यांचा. १९८५ मध्ये नानजिंगच्या ली श्याओशान या तरुणाने एका चित्रकला-मासिकात जाहीर केलं की चिनी चित्रकलेची वाट संपली आहे, आणि देशभर गदारोळ उठला. त्याचं निदान निम्मं बरोबर होतं. जुन्या उस्तादांनी घडवलेल्या डोंगरांचे तेच ते तुकडे जुळवून नवी चित्रं पाडण्याचा उद्योग खरोखरच थकला होता. पण ही तक्रार काही नवी नव्हती. सतराव्या शतकात चित्रकार शीताओने ती याहून तिखट भाषेत केली होती, आणि त्याच्यानंतर चित्रकला तीनशे वर्षं चालूच राहिली. पुनरावृत्तीने आजारी पडलेल्याला मृत घोषित करणं हा वैद्याचा आळस झाला.

उलट पुनरावृत्तीच्या पोटातूनच काय निघू शकतं, हे च्यू झिज्ये या कलावंताने दाखवलं. वांग शीझी याने इ.स. ३५३ मध्ये लिहिलेली लांतिंगची प्रस्तावना हा चिनी सुलेखनाचा सर्वात पूज्य कित्ता. त्याची मूळ प्रत हरवून शतकं लोटली. लोक पूजतात त्या नकलाच. च्यूने १९९० ते १९९५ या काळात तो कित्ता हजार वेळा गिरवला, तोही एकाच कागदावर. अक्षरांवर अक्षरं चढत गेली आणि शेवटी कागदावर नुसता काळा राप उरला. कोणी म्हणेल, हा विध्वंस. माझ्या मते परंपरेच्या आज्ञेचं इतकं तंतोतंत पालन तिच्या पुजाऱ्यांनीही केलेलं नाही. कित्ता गिरवा म्हणालात, गिरवला. डोळ्यांना वाचायला काही राहिलं नाही, पण हाताला वळण पुरतं पाठ झालं. आणि सुलेखन हाताच्या वळणात राहतं असं शिकवणारी परंपरा तरी दुसरी कोणती आहे?

तिसरा आक्षेप मला सर्वात अवघड वाटतो: हे सगळं परदेशी संग्रहालयांसाठी आणि हाँगकाँगच्या लिलावांसाठी चाललं आहे. यातलं काही नाकारता येणार नाही. ढगात बुडालेले डोंगर आणि त्यात खुपसलेली एखादी आधुनिक वस्तू, एवढ्या भांडवलावर पुष्कळ दुकानं थाटली गेली. यांग योंगल्यांगचीच चित्रं घ्या. लांबून सुंग काळातलं निसर्गचित्र, जवळ जाताच डोंगराच्या जागी टॉवर आणि झाडांच्या जागी बांधकामाच्या क्रेन. पहिल्यांदा पाहताना मी थक्क झालो. दहाव्या चित्रापर्यंत युक्ती पाठ झालेली असते, आणि मग शहराबद्दल नवं काही कळत नाही.

पण तेच माप शू बिंग या कलावंताला लावून पाहा. त्याच्या एका मालिकेत दुधी काचेवर शाईचं निसर्गचित्र दिसतं. ओलसर कडे, धुकं, विरळ झाडं, सगळं जागच्या जागी. काचेच्या मागे गेलं की कळतं, तिथे शाईचा थेंब नाही. वाळक्या काटक्या, मक्याची सालं, चोळामोळा केलेला कागद, तागाचे धागे, चिकटपट्टी आणि वर दिवे. ही मालिका २००४ मध्ये बर्लिनच्या पूर्व आशियाई कलासंग्रहालयात सुरू झाली. तिथली चित्रं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सोव्हिएत सैन्याने उचलून नेली होती; त्या गेलेल्या चित्रांच्या सावल्या शू बिंगने कचऱ्यातून उभ्या केल्या. २०११ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये त्याने वांग शीमिन याचं १६५४ सालचं चित्र असंच रचलं. आणि हा वांग शीमिन कोण? जन्मभर चौदाव्या शतकातल्या ह्वांग गोंगवांगची शैली गिरवणारा, नकलेचा पुरस्कर्ता! नकलेची नक्कल करताना शू बिंगने एवढंच केलं की प्रेक्षकाला मागच्या बाजूला जायची मोकळीक दिली. जुने चित्रकार डोंगर पाहून डोंगर काढत नव्हते, आधीची चित्रं मनात धरून फटकाऱ्यांतून डोंगर जुळवत होते. हे पंडितांना ठाऊक होतंच. आता ते शाळकरी मुलालाही काचेमागे डोकावून कळतं. या कामात शाई नाही म्हणून ते शाईच्या परंपरेबाहेरचं, असं म्हणणाऱ्याने त्या काचेची फक्त पुढची बाजू पाहिली आहे.

परदेशी पैसा लागला की चित्र विकाऊ होतं, हा नियमही जी युनफेइ या चित्रकाराच्या चित्रगुंडाळीसमोर टिकत नाही. तीन घळींच्या धरणाने दहा लाखांहून अधिक माणसं उठवली. त्यांचं स्थलांतर जीने २००९ मध्ये लांब आडव्या गुंडाळीत मांडलं. ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयासाठी काढली गेली, पण लाकडी ठशांनी छापली बीजिंगच्या रोंगबाओझाइ या जुन्या छापखान्यातल्या कारागिरांनी. बोचकी, पलंग, पाण्यात जाणारी गावं उलगडत जातात. गुंडाळी जसजशी पुढे सरकते तशी माणसंही सरकतात. विस्थापितांच्या कथेला याहून नेमकं माध्यम सापडणं कठीण. आणि हा विषयही आयात केलेला नाही. १०७४ मध्ये झेंग श्या या लहानशा अधिकाऱ्याने दुष्काळात रस्त्यावर आलेल्या लोकांचं चित्र सम्राटाकडे पाठवलं आणि त्यानंतर मुख्यमंत्री वांग आनशी यांना पायउतार व्हावं लागलं. १९४३ मध्ये ज्यांग झाओह याने निर्वासितांचं शाईतलं भव्य चित्र जपानी अंमलाखालच्या बीजिंगमध्ये मांडलं, तर प्रदर्शनच बंद पाडण्यात आलं. शाईचित्र म्हणजे धुक्यातले डोंगर आणि मासे धरणारा एकटा म्हातारा, ही समजूत मुळात ग्राहकाची आहे; नव्या चित्रकारांवर बाजाराचा आरोप करणारे सोवळेकरी तीच उराशी धरून बसलेत.

२०१३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने समकालीन शाईकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते आधुनिक कलेच्या विभागात न लावता जुन्या चिनी कलेच्या दालनांत लावलं. हा निर्णय मला पूर्णपणे पटतो. आधुनिक विभागात या कामांना अपूर्वाईचे गुण फुकट मिळाले असते. इथे त्यांना सुंग आणि मिंग काळाच्या शेजारी उभं राहावं लागलं. यांगच्या क्रेन तिथे होत्या, शू बिंगची कोणालाच न वाचता येणारी, त्याने स्वतः घडवलेली अक्षरंही होती, आणि त्यांतलं काय टिकतं आणि काय फिकं पडतं हे ठरवायला झांग दिंग यांची अट लागत नव्हती, ली श्याओशानचा मृत्युलेखही लागत नव्हता.