बाटलीवरचा मजकूर

आपल्या साहित्यिक मंडळींत 'वाचन' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे कादंबरी येते, फार तर कवितासंग्रह येतो. वाचनसंस्कृती लयाला चालली म्हणून दरवर्षी जे अश्रू ढाळले जातात ते या दोहोंसाठीच. खताच्या पोत्यावरची अक्षरे, पीकविम्याचा अर्ज, तलाठ्याची नोटीस, कीटकनाशकाच्या बाटलीला चिकटवलेला कागद हे वाचणे म्हणजे नुसती अक्षरओळख, तिला वाचन म्हणणे हा वाचनाचा अपमान, अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत जीवघेणी आहे असे माझे म्हणणे आहे आणि साक्षीला मी माझा यवतमाळ जिल्हा उभा करतो.

2017 च्या पावसाळ्यात आमच्याकडची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. बोंडअळी होती, रस शोषणारे किडे होते, आणि दोनतीन बाटल्या एकाच पंपात ओतून फवारा मारण्याची रीत होती. उंच झाडावर मारलेला फवारा तोंडावर, छातीवर, डोळ्यांत परत येई. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो यवतमाळच्या सरकारी इस्पितळात दाखल झाले, कित्येकांना काही दिवस दिसेनासे झाले. चौकशी बसली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. आणि चहूकडून एक वाक्य ऐकू येऊ लागले : बाटलीवर सगळे लिहिलेले होते, यांनी ते वाचले नाही.

ठीक आहे. तर मग आपण तरी वाचून पाहू.

बाटली हातात येण्यापूर्वीच पहिला शब्द येतो तो 'औषध'. शेतकरी म्हणतो औषध, दुकानदार म्हणतो औषध, भिंतीवरची जाहिरात म्हणते औषध. कृषी केंद्रात जाऊन "दोन नंबरचे विष द्या हो" असे कोणी म्हटलेले मी आजवर ऐकलेले नाही. पीक आजारी, म्हणून त्याला औषध. आता औषध म्हटले की त्याच्याभोवती वैद्य येतो, आईचा हात येतो, 'थोडे जास्त घेतले तर लवकर बरे वाटेल' हा आपला जुना भाबडा हिशेबही येतो. औषधाला कोणी हातमोजे घालून शिवत नाही. एका शब्दाने केवढे काम केले ते पाहा. अळीला मारणारे द्रव्य माणसाला तारणाऱ्या द्रव्याच्या पंक्तीला नेऊन बसवले. आणि हा शब्द कोणी कट करून आणला असेही नाही. तो सोयीचा होता, सगळ्यांनाच सोयीचा होता, म्हणून राहिला.

बरे, माणूस मेल्यावर जो शब्द येतो तो 'विषबाधा'. मराठीत बाधा कशाची होते? भुताची होते, नजरेची होते, अमावास्येला चुकीच्या झाडाखालून गेल्याची होते. बाधेला कर्ता नसतो. विष कोणी बनवले, कोणी कोणत्या शिफारशीवरून विकले, पंप पाठीवर कोणी दिला, या सर्वांना 'बाधा झाली' हे दोन शब्द अलगद बाजूला सारतात. वर्तमानपत्रांनी हा शब्द वापरला, सरकारी कागदांनी वापरला, आपणही वापरतो. म्हणजे बाटलीत असताना ते औषध होते आणि माणसाच्या अंगात गेल्यावर त्याचे विष झाले. दोष अर्थात त्या अंगाचा.

आता बाटलीवरचा चौकोन. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली 1971 साली नियम झाले. त्यांनी विषाच्या चार पायऱ्या लावून दिल्या आणि प्रत्येकीला एकेक रंग दिला. तांबडा सर्वांत जहाल, त्याच्यासोबत कवटी आणि हाडे; मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. तांबड्या-पिवळ्यावर 'विष' लिहायचे, निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान'. कागदावर व्यवस्था चोख आहे. परंतु हिरवा रंग म्हणजे काय हे कास्तकाराला कोणी शिकवावे लागत नाही. हिरवे म्हणजे चांगले, हिरवे म्हणजे पीक तरारले. त्या चौकोनातला हिरवा 'हेही विषच, जरा सौम्य' असे सांगतो आहे, हे कळायला चारही रंग शेजारी ठेवून पाहावे लागतात; आणि बाटलीवर तर एकच रंग असतो. 'सुरक्षित', 'निरुपद्रवी' असले शब्द लेबलावर छापायला नियमांनी मनाई केलेली आहे, हे मात्र मला फार शहाणपणाचे वाटते. शब्द माणसाला फसवू शकतो हे कायदा करणाऱ्याला ठाऊक होते. आमच्या पाठ्यपुस्तककारांना ते अजून ठाऊक व्हायचे आहे.

सोबतचे घडीपत्रक उघडा. हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषा एकाच कागदावर कोंबायच्या म्हणून अक्षर मुंगीएवढे. ते असो, भिंगाने वाचता येईल. वाक्ये पाहा. 'संरक्षक कपडे वापरावेत.' 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये.' 'शिफारस केलेली मात्राच वापरावी.' वापरावेत, पण कोणी? मालकाच्या शेतात रोजाने पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराने संरक्षक कपडे स्वतःच्या रोजातून विकत घ्यावेत की मालकाने द्यावेत की विकणाऱ्याने? आपल्या मराठीत हा 'वा-वी-वे' मोठा सोयीचा प्रत्यय आहे. त्यात आज्ञा आहे, पण आज्ञा कोणाला ते नाही. नियमांची इंग्रजीही याच वळणाची : कीटकनाशक हाताळणाऱ्यांना योग्य कपड्यांनी पुरेसे संरक्षण दिलेले असले पाहिजे, असा तिचा आशय. दिलेले असले पाहिजे! देणारा वाक्याच्या बाहेर उभा.

शिवाय ही मराठी कोणाची? केळापूर, झरी-जामणीकडच्या कोलामाची नव्हे, पुसद-दिग्रसच्या बंजाऱ्याची नव्हे, आणि माझ्या वऱ्हाडी शेजाऱ्याचीही नव्हे. 'मात्रा' म्हणजे त्याला बाळाला उगाळून चाटवतात ती आठवते. तो मोजतो टोपणाने आणि पंपाने. कागद बोलतो हेक्टरात.

येथे कोणी म्हणेल, हे सारे अशिक्षितपणाचे दुःख आहे, शाळा वाढल्या की मिटेल. मुळीच नाही. आज पंप पाठीवर घेणारा तरुण बहुधा शाळेत जाऊन आलेला असतो. शाळेने त्याला काय शिकवले ते तर पाहू. उतारा द्यायचा आणि त्यातलेच शब्द उचलून चौकटी भरायला लावायच्या, याला आपण आकलन म्हणतो. कवितेचे रसग्रहण करताना कवीने हाच शब्द का योजला हे विचारतो; माहितीच्या उताऱ्याला हा प्रश्न विचारायचा असतो हे विद्यार्थ्याच्या कानावरसुद्धा जात नाही, जणू माहिती लिहिणारा शब्द निवडतच नाही, ते आभाळातून पडतात. उपयोजित लेखनात मुलांकडून जाहिरात लिहवून घेतो आणि आकर्षक शब्दरचनेला गुण देतो. भुलवायला शिकवतो. भुलू नये कसे, याला गुण नाहीत.

लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषीने 1978 साली वाचनाचे दोन प्रकार सांगितले : एकात वाचताना येणारा अनुभव महत्त्वाचा, दुसऱ्यात वाचून झाल्यावर हाती काय उरते ते महत्त्वाचे. दुसऱ्याचे उदाहरण म्हणून तिने काय घेतले असेल? मुलाने विषारी द्रव गिळले आहे आणि आई घाईघाईने बाटलीवरचा मजकूर वाचते आहे. तिकडे हे उदाहरण साहित्याच्या ग्रंथात शोभते. इकडे ते कृषिखात्याचे काम.

कागदाची धास्ती आपल्या कुणब्याला नवी नाही. 1875 साली सुप्यापासून दंगे उसळले तेव्हा पुणे-नगरकडच्या रयतेने सावकारांच्या घरांतून शोधली ती मुख्यतः खते, आणि ती जाळली. त्या लोकांना वाचता येत नव्हते, पण आपला गळा कशात अडकला आहे हे पुरते समजत होते. 1879 च्या कायद्याने मग दख्खनच्या चार जिल्ह्यांत असे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहून घेण्याची तरतूद केली. परक्या सरकारलाही उमगले की सही करणाऱ्याला मजकूर समजणे ही न्यायाची बाब आहे. आता तर आपले सरकार आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये त्याने 180 तालुक्यांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' असल्याचे सांगितले आणि आठवडाभराने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. 'सदृश' गेले आणि त्याच्यासोबत एकोणतीस तालुकेही गेले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कागदावर 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहितात, तेथे तर मला पुढे बोलवतच नाही.

वाचून हातमोजे मिळणार नाहीत, हे मला मान्य आहे. गरिबी वाचनाने हटत नाही. पण ज्याला 'वापरावेत' या क्रियापदातली पोकळी दिसली तो मालकाला विचारील, दुकानदाराला विचारील, आणि पुढच्या वेळी 'तुम्ही वाचले नाही' असे त्याला कोणी सुनावले तर तो निमूट ऐकून घेणार नाही.

जानेवारी 2019 मध्ये आमच्या यवतमाळला साहित्य संमेलन भरले. उद्घाटनाच्या निमंत्रणावरून गदारोळ झाला, अखेर एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते उद्घाटन झाले, ते बोल सभामंडपाने टाळ्या वाजवून ऐकले. दीडच वर्षापूर्वी त्याच शहराच्या इस्पितळात खाटा पुरत नव्हत्या. इतके शब्दप्रभू गोळा झाले होते, तेव्हा एक घडीपत्रक मागवून त्याची शुद्ध, सरळ, कर्त्यासकट मराठी करून देणे एका दुपारचे काम होते.

ते अजूनही करता येईल. आणि दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत एक वर्ष अपठित उतारा म्हणून तेच पत्रक छापा, मूळ आहे तसे, मुंगीच्या अक्षरांसकट. कृती तीनच असू द्या. 'औषध' हा शब्द विक्रेत्याला का सोयीचा आहे? हिरव्या चौकोनातल्या बाटलीत काय आहे? 'संरक्षक कपडे वापरावेत' या वाक्यातील कर्ता शोधा.